चंद्रकळेवरचा खडू

यंदाच्या संक्रांतीला मी चंद्रकळा नेसले होते. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना फोटो हवा होता, आणि आमच्या मांजलपूरच्या सोसायटीत पाचसहाजणी एका ओळीत मावतील अशी जागा एकच, फाटकाशी उभ्या असलेल्या आमच्या मोटरहोमची बाजू. मी मधोमध, पाठ टेकवून. फोटो झाला, वळले, आणि शेजारच्या वहिनी ओरडल्या, "अहो, पाठीला चुना लागलाय सगळा!"

चुना नव्हता. हे म्हणाले, "धूळ गं, झटकून टाक." पण बडोद्याची धूळ मला ठाऊक आहे. ती मातकट असते आणि झटकली की उडते. ही पिठासारखी मऊ, पांढरीशुभ्र, आणि झटकली तर जास्तच पसरली. पदराचं टोक बोटाला गुंडाळून मी गाडीवर एक रेघ ओढली. पदर पांढरा झाला आणि गाडीवर किंचित गडद रेघ उमटली. वरती पतंगांची धुमश्चक्री, खाली तिळगूळ, आणि सूनबाई सणाच्या साडीने गाडी पुसतेय हे बघून सासूबाईंनी नुसता कपाळाला हात लावला.

गाडीची कुळकथा थोडक्यात सांगते. २००९ सालची ट्रॅव्हलर. बनवणाऱ्या कंपनीच्या नावातला 'टेम्पो' २००५ मध्ये गेला तरी आमच्याकडे सगळे अजून टेम्पो ट्रॅव्हलरच म्हणतात. एका यात्रावाल्याने तिच्यावर फायबरची बॉडी बांधून घेतली होती. मागे दोन पलंग, ओटा, पाण्याची टाकी, आणि ड्रायव्हरच्या डोक्यावर पुढे आलेला फुगवटा, त्यात आणखी दोघांची झोपायची सोय. पुढे ती माझ्या नणंदेच्या यजमानांनी घेतली. द्वारका, सोमनाथ, गिरनार सगळं हिंडून झालं, गुडघे बोलायला लागले, तेव्हा आमच्या दारात आणून लावली. लावली ती वडाखाली. बडोद्याचं नावच वडावरून पडलेलं, तेव्हा परंपरेला धरूनच झालं म्हणा, पण गाडीला ते मानवलं नाही. वडाची फळं, ती खाणारे पक्षी, आणि पक्षी ज्याचं जे करतात ते, असं सगळं पाच वर्षं टपावर साठलेलं. त्यात २०२४ च्या ऑगस्टअखेर विश्वामित्री शहरात शिरली तेव्हा चाकाच्या मध्यापर्यंत पाणी. लोकांच्या अंगणात मगरी निघाल्या, आमच्याकडे नुसता गाळ आला, यातच समाधान. इंजिन वाचलं, खालच्या कडेला तपकिरी रेघ तेवढी राहिली.

सल्ले भरपूर मिळाले. रंगाऱ्याने लाखाच्या घरातला आकडा सांगितला. सगळं घासून, प्रायमर मारून, वरून रंग. एका गॅरेजवाल्याचा सल्ला तर आम्ही आधीच, मागच्या दिवाळीत, घेऊन बसलो होतो. त्याने कसलंसं तेलकट पॉलिश फडक्याने फासून दिलं होतं. संध्याकाळी गाडी नवरीसारखी चमकली. तीन आठवड्यांत त्या तेलाला रस्त्याची सगळी धूळ चिकटली, आणि धुतल्यावर गाडी होती तशीच, उलट जरा मळकट. पैसे गेले याचं वाईट वाटलं नाही इतकं, मला ते आधी ओळखता आलं नाही याचं वाटलं. कारण ओळखायला हवं होतं.

रावपुऱ्यात आमची दातांची लॅब आहे. डॉक्टर माप घेऊन पाठवतात, आम्ही कवळी करून देतो. मला या कामात ३१ वर्षं झाली, बत्तिशी पूर्ण व्हायला एकच बाकी. कवळीचं अर्धं काम घोटण्याचं. साच्यातून निघालेली कवळी खरखरीत असते. ती आधी बरने, म्हणजे गोल फिरणाऱ्या छोट्या पात्याने तासायची, मग पॉलिश पेपर, मग ओल्या प्युमिसच्या (ज्वालामुखीतल्या दगडाच्या पुडीच्या) लगद्याबरोबर कापडी चाकावर, आणि शेवटी मऊ चाकावर खडूच्या बारीक भुकटीने झिलई. प्रत्येक पायरीचं काम एकच, आधीच्या पायरीने पाडलेले ओरखडे काढून त्यांच्या जागी आणखी बारीक ओरखडे पाडायचे. डोळ्याला दिसेनासे झाले की लोक त्याला चमक म्हणतात. तेल लावून ओरखडे बुजवले तरी चमक दिसते, पण ती तेलाची. एखादा नवशिका पोरगा कवळीला व्हॅसलीन पुसून माझ्यापुढे ठेवतो तेव्हा मी त्याला हेच बोलते. आणि दारातल्या गाडीला तेच पुसलेलं मी कौतुकाने बघत उभी होते.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, फायबरची कामं करणारे एक मिस्त्री आमच्या ओळखीचे. केमिकल कंपन्यांच्या टाक्यांना आतून फायबरचं अस्तर देणं हा त्यांचा मुख्य धंदा. मी चंद्रकळेची कथा सांगितली तसे ते हसले, आणि भंगाराच्या ढिगातून फायबरचा एक कापलेला तुकडा काढून त्याची कड माझ्यासमोर धरली. कडेला थर स्पष्ट दिसत होते. खाली हिरवट, अर्धपारदर्शक, काचेच्या तंतूंचं जाडजूड अंग, आणि वर एक पांढरी रेघ. रेघच, थर म्हणायला जीव होत नव्हता. "बेन, आ एनी चामडी छे," ते म्हणाले. "गई तो गई."

त्या चामडीला जेलकोट म्हणतात. पॉलिएस्टर रेझिनमध्ये पांढरा रंग कालवलेला, आणि तो पांढरा म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइड. साच्यात सगळ्यात आधी हा थर मारतात, त्याच्या पाठीवर काचेची चटई आणि रेझिन थापत जातात. वस्तू साच्यातून सुटली की पहिला थर बाहेर येतो. म्हणजे जे शेवटी दिसतं ते सगळ्यात आधी केलेलं असतं, आणि त्याची मूळ झिलई ही साच्याची झिलई असते. जाडी साधारण अर्धा मिलिमीटर. भाच्याच्या खिशातली ०.५ ची पेन्सिल काढून मी तिची शिसकांडी त्या कडेशी धरली. तंतोतंत. गाडीची सगळी श्रीमंती एवढीच. गाडीला वर्षानुवर्षं ऊन लागतं, उन्हातले अतिनील किरण वरच्यावर रेझिनच्या साखळ्या तोडत राहतात, आणि त्यात तो टायटॅनियमही हातभार लावतो. रेझिन गेलं की त्यात बांधलेले रंगाचे कण सुटे होतात. चंद्रकळेला लागली ती बाहेरून आलेली घाण नव्हती. ती गाडीच होती.

मिस्त्रींनी एक मशीन उसनं दिलं, गोल फिरणारं, वेग कमीजास्त करता येणारं. दोन लोकरी पॅड, दोन फोमचे, रबिंग कंपाउंडचा, म्हणजे घासायच्या पेस्टचा, डबा, आणि एक वाक्य: "घाई नको, दाब नको, ऊन नको." शेवटचं सोपं होतं. माघ महिना, सकाळी गार. ऊन टपावर यायच्या आत, सात ते अकरा, एवढंच काम करायचं ठरवलं. एकूण १३ सकाळ लागल्या. भाचा कलाभवनात, म्हणजे इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात, मेकॅनिकलला आहे, त्याने "मामी, मी आहे" म्हटलं, आणि बहुतेक दिवस तो खरोखर होता. ह्यांचा खांदा आखडलेला, तेव्हा त्यांच्याकडे चहा आणि देखरेख.

पहिले दोन दिवस धुण्यातच गेले. टपावर चढले तर उत्तरायणाचा मांजा. व्हेंटच्या झाकणांना, अँटेनाला, शिडीच्या दांड्याला, सगळीकडे गुंडाळलेला. तो ओढायचा नाही, कात्रीने कापत काढायचा. काचेची पूड लावलेला दोरा जेलकोटवरून खेचला की करवतीसारखा चालतो. भाच्याने एकदा ओढलाच, त्याची बारीक चर अजून दाखवता येईल.

धुवायला भांड्यांचा लिक्विड साबण. एरवी गाडीला तो लावू नये म्हणतात, कारण वॅक्स उतरतं. आम्हाला तेच हवं होतं, दिवाळीचं तेल एकदाचं जायला हवं होतं. साबण खालून वर लावत जायचा आणि पाणी वरून खाली सोडायचं. वरून सुरुवात केली की मळकट साबणाचे ओघळ कोरड्या भागावरून उतरतात आणि तिथेच बसतात. खिडक्यांच्या रबराखालून आणि टपाच्या पन्हळीच्या तोंडातून जे काळे ओघळ कायमचे उतरलेले असतात, त्यांना साबण पुरला नाही. तिथे स्वयंपाकघरातल्या तेलकट टाइल्ससाठीचं क्लीनर फवारून, मिनिटभर थांबून, मऊ ब्रशने घासल्यावर ते सुटले. वडाचे तपकिरी डाग, स्क्रूंखालचे गंजाचे ओघळ आणि पुराची रेघ यांना ऑक्झॅलिक ॲसिड, फरशी पॉलिश करणारे वापरतात तेच. हातमोजे घालून, पाण्यात पातळ करून, फडक्याने लावायचं, पाचेक मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवायचं. पुराची रेघ डोळ्यांदेखत फिकी होत गेली ते बघायला शेजारच्या वहिनीसुद्धा आल्या. त्यांच्या कंपाउंडच्या भिंतीवर तीच रेघ अजून आहे, तिला मात्र मी काही करू शकत नव्हते.

बोअरच्या पाण्याचा धडा वेगळाच मिळाला. पहिल्या दिवशी धुऊन तशीच वाळू दिली, तर सगळीकडे पांढरे ठिपके. क्षारच ते. पाण्यात थोडं व्हिनेगर घालून पुसले आणि दुसऱ्या दिवसापासून शेवटचं पाणी महानगरपालिकेच्या नळाचं, आणि लगेच कोरडं करायचं. स्वयंपाकघरातली बाटली संपली म्हणून सासूबाईंनी विचारलं, "गाडीला लोणचं घालतेस का?"

गाडी कोरडी झाल्यावर तिचं खरं रूप दिसलं. उजवी बाजू भिंतीच्या आडोशाला असते, ती बरी होती. डावी दक्षिणेकडे, तिच्यावर हात फिरवला तर बारीक पॉलिश पेपरवर फिरवल्यासारखं. टप सगळ्यात वाईट, पण टप कोण बघतं? पुढच्या फुगवट्याच्या कोपऱ्यांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक तडा. त्या पॉलिशने जात नाहीत, उलट पांढरं कंपाउंड त्यांत अडकून जास्त दिसतात. म्हणून तिथे आधी टेप लावून टाकली.

आता इथे माझी ३१ वर्षांची सवय आडवी आली. लॅबमध्ये नेहमी जाड दाण्यापासून सुरुवात, मग बारीक. मी वॉटर पेपर भिजत घालूनच बसले होते. मग मिस्त्रींच्या तुकड्याची कड आठवली. कवळीला तासायला माल पुरेसा असतो, बिघडली तर दुसरी करता येते. इथे शिसकांडीभर माल, आणि त्यातला वरचा थोडा आधीच मेलेला. तेव्हा उलटं करायचं ठरलं: सगळ्यात सौम्य वस्तूपासून सुरुवात, आणि जी पहिली चालेल तिथेच थांबायचं.

मागच्या बाजूला, नंबर प्लेटच्या शेजारी, टेपने फूटभराचे चार चौकोन आखले. पहिल्यात नुसतं फिनिशिंग पॉलिश आणि फोमचा पॅड. काही झालं नाही, धुतल्यासारखं दिसलं फक्त. दुसऱ्यात मध्यम कंपाउंड, फोमवर. थोडी जान आली. तिसऱ्यात जाड कंपाउंड, लोकरी पॅडवर. चौकोनात माझ्या हातातल्या टॉर्चचा गोळा उमटला, कडा जरा पुसट, पण गोळाच. चौथ्यात १५०० चा वॉटर पेपर (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक), मग कंपाउंड. तो आणखी स्पष्ट, आरशासारखा. भाचा म्हणाला, "मामी, चौथाच करू." मी तिसरा निवडला. तिसऱ्यात भागत असेल तर चौथ्यासाठी कातडी का सोलायची? फक्त डाव्या बाजूच्या वरच्या पट्ट्यात, जिथे तिसऱ्यानेही भागेना, तिथे २००० चा पेपर पाणी मारत, हलक्या हाताने, चार चार फेऱ्या मारला.

मशीनच्या कामात सगळ्यात वेळखाऊ भाग म्हणजे टेप लावणं. खिडक्यांची रबरं, कुलपं, दिवे, दाराची कड. काळ्या रबराला कंपाउंड लागून वाळलं की ते पांढरं कायमचं बसतं, टूथब्रशने घासूनही खाचेतून निघत नाही. एक रबर राहिलं होतं, ते आजही आमच्याकडे चष्म्याच्या पांढऱ्या फ्रेमसारखं दिसतं.

कंपाउंड कसं चालतं ते एकदा नीट सांगते, कारण हे बघितल्याशिवाय हात बसत नाही. दोन बाय दोन फुटांचा चौकोन मनाशी धरायचा. कंपाउंडचे चारपाच ठिपके बॉडीवरच लावायचे आणि मशीन बंद असतानाच पॅडने ते सारवून घ्यायचे. मी पहिल्या वेळी ठिपके पॅडवर घेऊन मशीन सुरू केलं. कंपाउंडचा फवारा माझ्या चष्म्यावर, भाच्याच्या शर्टावर आणि तुळशीवृंदावनावर. मग हळू वेगाने सुरुवात, पॅड जवळजवळ सपाट, दाब फक्त मशीनच्या वजनाचा. आडव्या फेऱ्या, मग उभ्या. सुरुवातीला दुधट लेप दिसतो आणि आवाज ओला असतो. दोनतीन फेऱ्यांत लेप पातळ होतो, आवाज कोरडा व्हायला लागतो, पॅड किंचित ओढायला लागतो. लेप पूर्ण वाळायच्या आत थांबायचं. तळहात ठेवून बघायचं: कोमट चालेल, चटका बसेल इतकं नको. मग मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसलं की खालून जे येतं त्याला मी तरी पांढरा म्हणेन. आधीचा नुसता फिकट होता. दर दोन चौकोनांनी पॅड साफ करायचा. लोकरीत मेलेलं रेझिन आणि कंपाउंड यांचं मळकं पिठूळ बसतं, आणि तसाच पॅड चालवला तर तेच पुन्हा गाडीवर घासत बसतो आपण. लॅबमधलं जुनं ताठ ब्रशचं चाक त्यासाठी कामाला आलं.

एका बाजूला असे तीसेक चौकोन. आठवड्यानंतर माझ्या उजव्या हाताला चमचा धरताना कंप सुटायचा. आणि अशाच एका थकलेल्या सकाळी, अकरा वाजत आलेले, फुगवट्याचा एक कोपरा राहिला म्हणून मी मशीनच तिथे नेलं. कडा आणि कोपरे हाताने करायचे, मशीनने नाही, हे मीच भाच्याला दहा वेळा सांगितलेलं. कडेवर सगळा दाब बोटाएवढ्या जागेवर येतो, आणि साच्याच्या कोपऱ्यात जेलकोट बहुतेक पातळच बसलेला असतो. पुसलं, तर बोटाच्या पेराएवढा हिरवट डाग. चामडी गेली होती. भाचा काही बोलला नाही. त्याचं न बोलणंच जास्त लागलं.

मिस्त्रींकडे गेले. त्यांनी डबीभर पांढरा जेलकोट दिला, ड्रॉपरमध्ये हार्डनर दिलं आणि प्रमाण सांगितलं, ५० ग्रॅमला १ ग्रॅम. त्यांच्या जेलकोटमध्ये कोबाल्ट, म्हणजे घट्ट होण्याला वेग देणारं द्रव्य, आधीच घातलेला होता. नसेल तर तो आधी जेलकोटमध्ये नीट मिसळायचा आणि मगच हार्डनर. ते दोन्ही थेट एकमेकांत कधीही घालायचे नाहीत, भडका उडतो. हे ते चेहरा गंभीर करून दोनदा बोलले. पण खरी अडचण रंगाची. नवा जेलकोट दुधासारखा आणि आमची गाडी १६ वर्षांची. पांढरं म्हणजे कुठलं पांढरं, हा प्रश्न मी आयुष्यभर सोडवत आलेय. पर्समधून दातांचं शेड गाइड काढलं, सोळा दातांची ती पट्टी, ए१ पासून डी४ पर्यंत, आणि गाडीला लावून बघितलं. सगळ्यात उजळ बी१ ला आमची गाडी जुळत होती, किंचित पिवळ्याकडे झुकलेली. मिस्त्रींच्या पिवळ्या रंगाची पेस्ट टाचणीच्या टोकावर घेऊन, कालवून, काचेवर ठिपका काढून, शेडशी ताडून, असं तिसऱ्या खेपेला जमलं. मिस्त्री आपल्या पोरांना बोलावून दाखवत होते, "बेन गाडीनी बत्तीसी बनावे छे."

जेलकोट हवेत उघडा राहिला तर वरून चिकट राहतो, हवेतला ऑक्सिजन त्याला पूर्ण घट्ट होऊ देत नाही. आमच्या कंपोझिटच्या, म्हणजे दाताच्या रंगाच्या रेझिनच्या, कामातही हेच दुखणं, तिथे वरून ग्लिसरीन लावतो. इथे भरलेल्या जागेवर ओएचपीचा पारदर्शक कागद ताणून चिकटवला. दुसऱ्या दिवशी सोलून काढला तर थर टणक आणि गुळगुळीत. १००० पासून २००० पर्यंत पेपर, एका छोट्या ठोकळ्याला गुंडाळून, हातानेच. मग पॉलिश. आता ती जागा मी दाखवली तरच दिसते, आणि मी सगळ्यांना दाखवते.

दुसरं नुकसान मात्र भरून निघालं नाही. टपावरच्या व्हेंटचं झाकण ॲक्रिलिकचं. आमच्या कवळीचाच भाऊ. भाच्याच्या मित्राने मदत म्हणून त्यावरचा टेपचा चिकटा थिनरने पुसला. मी खाली होते. संध्याकाळपर्यंत झाकणाच्या पोटात बर्फाला जाव्यात तशा तडा. ताणलेल्या ॲक्रिलिकला थिनर काय, स्पिरिटसुद्धा चालत नाही, हे मला झोपेतही माहीत आहे, सांगायचं राहिलं. झाकण नवीन घ्यावं लागलं.

कंपाउंड झाल्यावर फोमच्या पॅडवर बारीक पॉलिश, तो भाग भराभर झाला. मग एक परीक्षा. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी निम्मंनिम्मं करून फडक्याने पुसायचं, फक्त फायबरवर, झाकणापासून लांब. कंपाउंडमध्येही तेलं असतात आणि ती ओरखड्यांत बसून खोटी चमक देतात. ती निघून गेल्यावर जे उरतं ते तुमचं. टॉर्च तिरकी धरून सगळी गाडी तपासली. डाव्या बाजूला पाच चौकोनांत पॅडच्या गोल फिरण्याच्या खुणा राहिल्या होत्या, ते पुन्हा केले.

शेवटी वॅक्स. कार्नोबा हे ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरचं मेण, लॅबमध्ये दाताचा आकार घडवायला वापरतो त्या इनले वॅक्समध्येही तेच असतं, म्हणून वास ओळखीचा निघाला. अगदी पातळ हात, धूसर झालं की पुसायचं, एक दिवस जाऊ द्यायचा, मग दुसरा हात. जाड थापला तर पुसताना दंड भरून येतात आणि चमक तेवढीच. बडोद्याच्या मे महिन्यात ४२-४३ अंशांत ते किती टिकतंय ते रोज बघते. वॅक्समुळे टपावर पाण्याचे मणी उभे राहायचे, ते आता फुटायला लागलेत, म्हणजे तिथे पावसाआधी पुन्हा एक हात द्यायला हवा. बाजू अजून तगून आहेत.

एक गोष्ट सांगायची राहिली. डाव्या बाजूला जुन्या यात्रावाल्याचं नाव स्टिकरमध्ये होतं, हात हात उंचीची अक्षरं. केस वाळवायच्या ड्रायरने गरम करून, प्लॅस्टिकच्या पट्टीने मी ती धुण्याआधीच सोलून काढली होती. स्टिकरखालच्या जेलकोटने १६ वर्षांत ऊन बघितलेलंच नाही. तो अजून टणक, उजळ. आजूबाजूचा घासून, घोटून वर आला तरी रंगातला तो किंचित फरक राहिलाच. समोरून काही दिसत नाही. पण संध्याकाळी ऊन तिरकं आलं की पांढऱ्यावर पांढऱ्याने लिहिल्यासारखं नावाचं शेवटचं टोक वाचता येतं, "यात्रा".

ह्यांना ते खटकतं. "एवढं केलंस, अजून दोन हात मार की तिथे, जाईल." जाईलही. पण तिथल्या पट्ट्यावर पेपर फिरलाय, जाड कंपाउंड दोनदा झालंय, आणि खाली किती शिसकांडी शिल्लक आहे हे मोजायला माझ्याकडे काही नाही. मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "मग लोक काय वाचतील?"

परवा संध्याकाळी फाटकाशी एक आजोबा थांबले. गाडीकडे बघत बघत आत आले, चष्मा सारखा केला, बाजूवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. स्वच्छ होतं. मग ह्यांना विचारलं, "पावागढला आठ माणसांचे किती घ्याल?"